मिठाचं काम झालं की मीठ धुऊन काढा

मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं, की जेवण सोडून घरात मीठ कुठे कुठे वापरता आणि त्यात कुठे अडतं. पत्रं भरपूर आली. निम्म्या पत्रांना मोबाइलवर फिरणारे तेच ते निरोप जोडलेले होते : मिठाचे पन्नास उपयोग, मिठाचे शंभर उपयोग. मी आयुष्यभर डिचोली तालुक्यातल्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं आणि संध्याकाळी घरी येऊन चूल सांभाळली, त्यामुळे या शंभरातले बरेचसे निकालात काढायला मला फार वेळ लागत नाही. जे उरतात ते मात्र खरोखर कामाचे आहेत.

प्रश्न (मडगाव) : बाई, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली. समया, निरांजनं, पंचारत, तांब्याची कळशी सगळं काळं पडलंय. आई मीठ आणि चिंच लावायची. आजकालच्या पावडरींपेक्षा ते खरंच चांगलं का? आणि चांदीच्या वाटीला तेच लावलं तर चालेल?

चांगलं आहे, आणि आपल्याकडे चिंचेपेक्षाही स्वस्त पडणारी वस्तू आहे. सोलकढी केल्यावर पिळून उरलेली सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, फेकू नका. त्यात अजून भरपूर आंबटपणा असतो. अंगणात बिमलाचं (काकडीसारख्या लहान आंबट फळाचं) झाड असेल तर पिकून गळलेली बिमलंही चालतात. मूठभर सोलांवर चमचाभर मीठ घालायचं, हातानं कुस्करायचं आणि कळशीवर फिरवायचं. जोर लावावा लागत नाही. बोटाखालचा काळपट तपकिरी थर सुटून सोलांच्या लाल रसात मिसळतो आणि बोट गेलं तेवढाच पट्टा गुलाबी-केशरी उजळून निघतो. शेजारचा भाग काळाच राहतो, म्हणून कुठे हात लागला नाही ते लगेच दिसतं.

तो काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा. आंबट पदार्थातलं आम्ल तो विरघळवतं. मीठ नसतं तरी विरघळला असता, पण सावकाश. मिठातलं क्लोराइड विरघळलेल्या तांब्याला धरून ठेवतं, म्हणून काम पटकन होतं. शिवाय मिठाचे कण घासायला मदत करतात. नुसत्या कोरड्या मिठानं घासून पाहा, हात दुखेल आणि काळं तसंच राहील.

पितळेला एक पथ्य आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समई आंबट-मिठात भिजत ठेवून तुम्ही गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेलात, तर परत येईपर्यंत तिच्यावर गुलाबी डाग उठलेले असतील. ते डाग तांब्याचे, आणि ते घालवताना मग घाम निघतो. लावलं, चोळलं, धुतलं, असं एका बैठकीत उरका. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतून हा प्रयोग करू नका, कल्हई जाईल. बाजारातून आणलेल्या काही शोभेच्या वस्तूंवर पारदर्शक लाखेसारखा थर असतो, तिथेही नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : चोळून झालं की दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि उन्हात ठेवा. ऊन नसेल तर चुलीजवळ. समईच्या नक्षीच्या खाचेत मीठ उरलं तर श्रावण-भाद्रपदाच्या हवेत ते पाणी धरतं आणि त्या खाचेतून हिरवी पूड बाहेर येते. ‘मिठानं भांडी हिरवी पडतात’ असं म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत, त्यांचं धुणं अर्धवट झालेलं असतं एवढंच. धुतलेलं पाणी तुळशीत ओतू नका. त्यात तांबं आणि मीठ दोन्ही आहे, ते न्हाणीतच जाऊ द्या.

चांदीचा मामला वेगळा. चांदीवरचा काळेपणा गंधकाचा असतो, सोलं त्याला काही करत नाहीत. पातेल्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद घाला, त्यावर चांदीची वाटी कागदाला टेकेल अशी ठेवा, उकळतं पाणी ओता आणि चमचाभर खायचा सोडा व चमचाभर मीठ टाका. थोड्या वेळात कुजक्या अंड्यासारखा किंचित वास येईल आणि वाटी उजळेल. चांदीला चिकटलेला गंधक सुटतो आणि चांदी जागच्या जागी राहते, घासण्यात जशी झिजते तशी झिजत नाही. मीठ इथे फक्त पाण्यातून वीज वाहायला मदत करतं, खरं काम अ‍ॅल्युमिनियमचं. खडे बसवलेले दागिने आणि मुद्दाम काळी केलेली नक्षी यांना यात बुडवू नका.

प्रश्न (फोंडा) : घरकामाला पाकिटातलं मीठ वापरावं की जाडं?

जाडं. पाकिटातलं बारीक मीठ आयोडीन घातलेलं असतं. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला आपल्या देशात २००६ च्या मे महिन्यापासून बंदी आहे आणि ती योग्य आहे, म्हणून स्वयंपाकाला तेच. भांडी घासायला आयोडीन कशाला?

जाडं मीठ आपल्या दारातलं आहे. पेडण्यात आगरवाडा, बारदेशात नेरूल आणि हडफडे, तिसवाडीत रायबंदर. पणजीहून रायबंदरला जाताना रस्त्याच्या कडेला मिठागरं दिसतात. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हानं आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यातून मीठ ओढायचं, असं हिवाळ्यापासून पहिल्या पावसापर्यंत चालतं. या मिठाची एके काळी इतकी पत होती, की १८७८ च्या करारानं ब्रिटिशांनी गोव्यातल्या मीठ उत्पादनावर आपला ताबा बसवून घेतला. १८९२ मध्ये करार संपला तोवर कितीतरी आगरं ओस पडली होती. आता तर कसणारेच उरले नाहीत. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, बाजारात जाडं मीठ दिसलं तर एक पिशवी जास्त घ्या, एवढं मी सांगेन. करड्या रंगाला नाक मुरडू नका, ती वाफ्याच्या तळाची माती आहे. बिडाचा तवा घासायला, मासे धुवायला आणि माडाला तेच उत्तम.

तव्याचं विचारलंच आहे काहींनी. बिडाचा तवा जरा कोमट असतानाच त्यावर मूठभर जाडं मीठ टाका आणि नारळाच्या सोडणानं घासा. मीठ जळकट तेल टिपतं आणि खरवडतंही, साबण लागत नाही. मग धुवा, लगेच आचेवर सुकवा आणि तेलाचं बोट फिरवा. सुकवण्यात आळस केलात तर उद्या तवा गंजलेला मिळेल.

प्रश्न (म्हापसा) : लग्न होऊन पुण्याहून इथे आले. सासूबाई बांगडे, मोरी (शार्क), माणक्यो (स्क्विड) सगळं मिठानं चोळून धुतात. मी तसंच करते, तरी हाताचा वास जात नाही. तिसऱ्यांतली (शिंपल्यांतली) रेती पण जात नाही. मीठ कमी पडतंय का?

मीठ पुरेसं आहे, पण तुम्ही त्याच्याकडून नको ते काम मागताय. मीठ माशाचा बुळबुळीतपणा काढतं. मोरीच्या तुकड्यांना जाडं मीठ लावून चोळलं, की पांढुरका चिकट थर गोळा होऊन हाताला येतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. माणक्यांची साल काढताना बोटांना मीठ लावलं तर ती निसटत नाहीत. इथवर सासूबाई शंभर टक्के बरोबर.

वासाचं मात्र वेगळं आहे. मासा शिळा व्हायला लागला की त्यात ट्रायमिथाइल अमाइन नावाचं द्रव्य तयार होतं, तो वास त्याचा. ते अल्कलीच्या जातीचं आहे, मिठाला दाद देत नाही, आम्लाला देते. म्हणून हात मिठानं नव्हे, सोलांनी नाहीतर लिंबाच्या सालीनं चोळा आणि गार पाण्यानं धुवा. माशालाही सोलाचं पाणी लावून थोडं ठेवलं की वास उतरतो. सासूबाईंना नीट बघा, त्या मिठानंतर सोलं लावत असतील. बहुतेक घरांत हे न बोलता होतं, म्हणून नवीन सुनेच्या लक्षात येत नाही.

तिसऱ्या जिवंत असतील तरच रेती सोडतात. गोड्या पाण्यात टाकल्या तर तोंड मिटून घेतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तिसऱ्या नदीच्या मुखाशी, जरा मचूळ पाण्यात राहतात, म्हणून लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा भरून जाडं मीठ पुरे. पसरट भांड्यात एका थरात ठेवा, वरून ताट झाका, काळोख त्यांना आवडतो. तासा-दोन तासांनी तळाला रेतीची रांगोळी दिसेल. उचलताना हातानं वरून उचला. भांडं उपडं केलंत तर सगळी रेती परत त्यांच्या अंगावर.

प्रश्न (वास्को) : दर शनिवारी मिठाच्या पाण्यानं लादी पुसली की घरातली पीडा जाते असं शेजारीण सांगते. गेले दोन महिने करतोय. आता लादी सारखी ओलसर वाटते आणि गोदरेजच्या कपाटाचे पाय तांबूस झालेत.

पीडा गेली की नाही ते मला सांगता येणार नाही. कपाटाचे पाय मात्र जातील.

हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला, की शुद्ध मीठसुद्धा हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कितीतरी आधी पाणी ओढतात. वास्कोत समुद्राशेजारी पावसाळाभर हवा कुठे असते ते सांगायला नको. तुम्ही दर शनिवारी लादीवर मिठाचा पातळ थर देताय आणि तो थर आठवडाभर हवेतलं पाणी पिऊन तुमच्या पायाला लावतोय. तेच खारं पाणी लोखंडाला गंज चढवतं. साध्या पाण्यानं दोनदा लादी पुसून घ्या, कपाटाचे पाय कोरडे करून खाली रबराच्या वाट्या घाला.

दिष्ट काढायची असेल तर मीठ-मिरच्या ओवाळून खुशाल चुलीत टाका. मीसुद्धा नातवाची काढते. लादीला कशाला त्यात ओढायचं?

प्रश्न (काणकोण) : हौसेनं कुणबी साडी घेतली. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवली की रंग पक्का होतो ना?

नाही होत. हे मी वर्गात सांगून थकले, आता इथे सांगते. सुती कापड रंगवताना कारखान्यात रंगाच्या पाण्यात मीठ घालतात हे खरं. मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे जातो. पण तो धाग्याला कायमचा जोडला जातो तो नंतर घातलेल्या धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारानं. एकदा साडी रंगून, सुकून, घडी होऊन तुमच्या हातात आली की मिठाला करण्यासारखं काही उरत नाही.

मग बायकांना फरक दिसतो तो का? पाण्यात मीठ असेपर्यंत मोकळा रंग सहज विरघळत नाही, कापडालाच धरून राहतो. पाणी स्वच्छ दिसतं, आपण खूश. पुढच्या वेळी बिनमिठाच्या पाण्यात तोच रंग सुटतो. त्यापेक्षा सरळ गार पाण्यात, एकटी, पटकन धुवा, पिळू नका, सावलीत उलटी वाळवा. जास्तीचा रंग चार धुण्यांत निघून जातो. तोवर पांढऱ्या परकरावर नेसू नका. त्यानंतरही सुटत राहिला तर रंगच कच्चा आहे, दुकानदाराला दाखवा.

कपड्यांवर मीठ उपयोगी पडतं ते रक्ताच्या ताज्या डागाला. गार पाण्यात मीठ घालून भिजवा. गरम पाणी लावलं की रक्तातलं प्रथिन शिजतं आणि डाग कायमचा बसतो.

प्रश्न (साखळी) : अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीतलं गवत मिठानं मरतं म्हणतात. आणि वडील माडाला मीठ घालायचे. एकच मीठ गवत मारतं आणि माड जगवतं, हे कसं?

दोन्ही खरं आहे. माडाला क्लोरिन हे अन्नद्रव्य म्हणून बऱ्यापैकी लागतं. किनाऱ्यावरच्या माडाला ते खाऱ्या वाऱ्यातून मिळतं. साखळीसारख्या आत वसलेल्या गावात तेवढं मिळत नाही, म्हणून पाऊस लागला की आळ्यात जाडं मीठ टाकायची रीत पडली. बुंध्याला चिकटून नव्हे, जरा लांब, गोल फिरवून, आणि शेणखताच्या जोडीनं. खताला पर्याय म्हणून नाही.

केळ, मिरवेल, अबोली, जास्वंद यांना मात्र हेच मीठ नको. मुळांभोवती खारट पाणी साचलं की झाडाला पाणी ओढता येत नाही, ओल असूनही ते सुकतं. गवत मरतं ते त्यामुळेच. पण चिऱ्याच्या फटीत मीठ ओतायला माझा ठाम विरोध. चिरा सच्छिद्र असतो. मीठ पाण्याबरोबर आत मुरतं, उन्हाळ्यात पृष्ठभागाशी येऊन खडे धरतं आणि चिऱ्याची कड भुगा होऊन गळायला लागते. लोणा लागलेली भिंत पाहिली असेल तर तेच. पहिल्या सरीनंतर जमीन मऊ असते, तेव्हा कोयतीच्या टोकानं गवत उपटा. फटीत उकळतं पाणी ओतलंत तरी कोवळं गवत जातं. विहीर जवळ असेल तर मिठाचा विचारसुद्धा नको.

याच पत्रात मोठ्या आफ्रिकन गोगलगायींचं विचारलंय. त्यांच्यावर बागेत मीठ फेकू नका, माती खराब होते. संध्याकाळी हातमोजे घालून वेचा आणि कडक मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे नक्की घाला, त्यांच्या चिकट स्रावातून माणसाला बाधणारा जंत येऊ शकतो.

प्रश्न (डिचोली) : बाई, तुम्ही आम्हाला शिकवायच्या तेव्हा बर्फात मीठ घालून दाखवलं होतं. घरात त्याचा उपयोग काय?

माजी विद्यार्थी पत्र लिहितात तेव्हा बरं वाटतं, नाव लिहिलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं. उपयोग हा : वाढदिवसाला पाहुणे दारात आणि शीतपेयाच्या बाटल्या गरम. बादलीत बर्फ, थोडं पाणी आणि दोन-तीन मुठी मीठ घाला, बाटल्या त्यात फिरवा. फ्रिजात तासभर लागेल ते काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली असतानाच वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची ओढून घेतो. प्रमाण नेमकं जमलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. कोठीचं आइस्क्रीम याच बळावर जमायचं. बाटल्या विसरू नका, गोठून फुटतात. ते पाणी मग झाडांना नको.

प्रश्न (कुडचडे) : लहान मुलानं काही विषारी गिळलं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढावी का?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. लहान अंगात एवढं मीठ गेलं तर तेच जिवावर बेतू शकतं, आणि रॉकेल किंवा संडास धुण्याचं आम्ल गिळलेलं असेल तर ओकारीनं दुसऱ्यांदा इजा होते. बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करा.

हगवणीत मात्र मीठ-साखरेचं पाणी द्यायचं आणि ते मोजून : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चिमूट-मूठ असा अंदाज नको. औषधाच्या दुकानातली पुडी मिळाली तर तीच बरी.

प्रश्न (पेडणे) : तीन बारीक शंका. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर मीठ टाकावं का? इस्त्रीचा तळ चिकट झालाय. आणि पावसात मिठाच्या बाटलीत तांदूळ घालतात, त्याचा उपयोग होतो?

पेटलेल्या कढईवर आधी झाकण, गॅस बंद. आग अगदी लहान असेल तर मूठभर मीठ चालतं, पण मिठाचा डबा शोधण्यात वेळ घालवू नका. पाणी कधीच नाही.

इस्त्री साध्या लोखंडी तळाची असेल तर वर्तमानपत्रावर बारीक मीठ पसरा आणि गरम इस्त्री त्यावर फिरवा, चिकटा निघून येतो. निर्लेप तळाला हे नको, ओरखडे पडतील.

तांदूळ थोडी ओल धरतात आणि बाटली हलवली की गुठळ्या फोडतात, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरच्या बाटलीला ठीक. भाजून गार करून घाला, नाहीतर तांदळालाच कीड लागेल. महिन्याचा साठा असेल तर चिनीमातीची बरणी, घट्ट झाकण आणि लाकडी चमचा. स्टीलच्या डब्यात ठेवलंत तर गणपती विसर्जनापर्यंत तळाला बारीक भोकं पडायची.